साडूंच्या टेबलावर कोणी मरत नाही

अख्ख्या अकोल्यात माणूस मारायला सर्वांत नालायक असा कोणी असेल, तर ते आमचे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोटारपंप विकता विकता पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांनी छंद मात्र असा लावून घेतला, की ज्यात अधूनमधून चार माणसं मेल्याशिवाय रंगच भरत नाही. त्यांचा मुलगा पुण्याच्या हॉस्टेलातून एका दिवाळीत हा खेळ घेऊन आला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वैद्य. एकाने गोष्ट सांगायची, आणि कोणाचा घाव बसला, कोण वाचलं, कोण गेलं, ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. मुलगा नोकरीला बंगलोरला गेला, खेळ घरात राहिला आणि गोष्ट सांगायची गादी साडूंकडे आली. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी मी आणि माझी बायको अमरावतीहून तिकडे जातो, शेजारचे गुरांचे डॉक्टर येतात, मेहुणीबाई, म्हणजे आमच्या ताई, पदराला हात पुसत येऊन बसतात, आणि टेबलाच्या पलीकडे लॅपटॉप उघडला जातो.

लॅपटॉप उघडला की साडू दिसेनासे होतात. झाकणाच्या वर फक्त कपाळ आणि चष्म्याची वरची कड, तेवढ्यावरून आपण त्यांना ओळखायचं. या यंत्राची त्यांच्या घरी जी बडदास्त ठेवली जाते, ती जावयाचीही कोणी ठेवत नसेल. अकोल्याच्या उन्हाळ्यात ते तापू नये म्हणून पालथ्या परातीवर त्याला बसवायचं आणि कूलरचं तोंड त्याच्याकडे करायचं. आम्ही चौघं घामाने निथळत राक्षसांशी लढतो, वाळ्याची गार हवा लॅपटॉप खातो. एकदा मी कूलर जरा इकडे वळवायला गेलो, तर पलीकडून आवाज आला, “साडूभाऊ, तुमाले काई झालं तं ग्लासभर पन्हं देता येते. त्याले काय देऊ?”

गोष्टीतलं सगळं त्या लॅपटॉपात. मी म्हणावं, “खानावळीत शिरतो,” की साडू म्हणणार, “थांबा, तिथं किती खाटा हायत ते पाहू द्या.” मग एका बोटाने टकटक. तेवढ्यात ताईंची भाजी चिरून होते. राक्षसांच्या राजधानीचा नकाशा त्यांनी स्वतः काढला आहे, आणि तो हुबेहूब अंजनगावच्या बाजारासारखा आहे, कारण तरुणपणी त्यांचं दुकान तिथे होतं. राक्षसांनाही सोमवारी सुट्टी. वातावरणनिर्मितीसाठी ते लॅपटॉपवर आवाज लावतात. एकदा आम्ही श्वास रोखून भुताच्या गुहेत शिरलो, वारा घोंगावतोय, दूर कुठेतरी घुबड ओरडतंय, आणि अचानक एक बाई आनंदाने गुडघेदुखीच्या तेलाचे फायदे सांगू लागली. साडूंनी जराही न डगमगता तेल गोष्टीत घेतलं. डॉक्टरांनी ते भुताला विकलंसुद्धा.

पण त्या झाकणाचा खरा उपयोग आम्हाला उशिरा कळला. साडू राक्षसाचा फासा झाकणाआड टाकतात. पडलं काय ते त्यांनाच दिसतं. आणि आमच्यापैकी कोणी मरणार असं दिसलं, की ते चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, “वाचले बाप्पा! राक्षसाले उचकी लागली.” कधी ड्रॅगनच्या डोळ्यात कचरा जायचा, कधी सेनापतीची वहाण तुटायची. मी एकदा मूर्खासारखा ड्रॅगनच्या जबड्यात उतरलो होतो, तेव्हा त्याला नेमका उपास निघाला. शेवटी डॉक्टरांनी विचारलंच, तेव्हा साडू दुखावल्यासारखे म्हणाले, “आपल्या घरी जेवाले आलेला पावना आपणच माराचा का भाऊ? आमच्यात नाई चालत तसं.” आम्ही हसलो आणि अमर होऊन राहिलो.

ताई मात्र हसल्या नाहीत. वर्षभरापूर्वी त्यांच्या छातीतल्या गाठीचं ऑपरेशन अमरावतीला, आमच्या घराजवळच झालं होतं. तेव्हापासून दर तपासणीला तेच व्हायचं. डॉक्टरीणबाई यजमानांना एकट्याला आत बोलवायच्या, साडू बाहेर यायचे, चष्मा वर सरकवायचे आणि म्हणायचे, “सगळं बराबर हाय.” ताई मान हलवायच्या. आम्हीही हलवायचो.

यंदा उन्हाळ्यातल्या एका रविवारी ताईंच्या योद्धीने आम्हा तिघांना पुलावरून पळवून लावलं आणि स्वतः राक्षसासमोर एकटी उभी राहिली. झाकणाआड फासा घरंगळला. चष्मा वर गेला. “काय झालं माहीत हाय का, राक्षसाले...”

ताईंनी हात लांब करून लॅपटॉप मिटला. मागे साडू, आणि त्यांच्या पुढ्यात फासा. वीस पडले होते. राक्षसाचा याहून मोठा घाव या खेळात नाही.

“मेली न मी?”

“तसं नाई, म्हणजे तसं पाहिलं तं...”

“डॉक्टर पावने हायत, साडूभाऊ पावने हायत. मी काय पावनी हाय का?” ताईंचा आवाज चढला नव्हता. “दवाखान्यातून बी तुमी असंच तोंड करून बाहेर येता. माह्या जिवाचं काय पडलं ते मले काहून नाई सांगत?”

साडूंनी रुमाल काढला आणि सवयीने लॅपटॉपचं झाकण पुसलं, मग डोळे. “तुले कसं सांगू?” ते म्हणाले. “माह्याच्यानं नाई होत.”

“आज सांगा. इथं सांगून पाहा.”

साडूंनी फासा उचलला, पाहिला आणि होता तसाच खाली ठेवला. “मेली,” ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडले. ताईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि जरा वेळाने म्हणाल्या, “आता चहा ठेवा सगळ्याइले. मेलेली बाई उठत नसते.”

त्यानंतर लॅपटॉप टेबलाच्या कडेला बसू लागला आणि फासे सगळ्यांदेखत पडू लागले. मी लागोपाठ दोन खेळांत मेलो. साडू दर वेळी माझी माफी मागून वर जास्तीची पोळी वाढत.

मागच्या महिन्यात ताईंची तपासणी होती. आम्ही चौघं दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो. सिस्टरने नेहमीप्रमाणे साडूंना हाक मारली. ते उठले, दारापर्यंत गेले, कडी धरून थांबले आणि मागे वळून म्हणाले, “तू बी चाल.”

दोघं आत गेले. माझ्या बायकोने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. बाहेर आल्यावर साडूंनी आमच्याकडे बघून सांगायला सुरुवात केली, “थोडीशी परत आली हाय म्हणते...”

“थोडीशी नाई,” ताई म्हणाल्या. “दुसऱ्या बाजूले बी हाय. केमोच्या सुया पुन्हा घ्या लागते.”

“व्हय,” साडू म्हणाले. “दुसऱ्या बाजूले बी हाय.”

जेवायला थांबा म्हटलं, तर थांबले नाहीत. आम्ही त्यांना अकोल्याच्या गाडीत बसवून दिलं. तपासणी करून परतताना साडू गाडीत बसल्या बसल्या डोळे मिटून झोपेचं सोंग घेतात, असं ताईंनीच एकदा माझ्या बायकोला सांगितलं होतं. त्या दिवशी गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत आम्ही बघत उभे होतो. खिडकीशी दोघं बोलत होते.