लोकरबाईंची सैल वीण

अख्खी गल्ली तिला लोकरबाई म्हणायची. कोपऱ्यावरचं लोकरीचं दुकान तिने उभा जन्म एकटीने चालवलं. लग्नाच्या भानगडीत पडली नाही, आणि दुकान विकलं तरी सुया काही हातातून सुटल्या नाहीत. तिची वीण सैल, ऐसपैस. धाकटी बहीण नवरा गेल्यावर तिच्याकडे राहायला आली, ती पोस्टातून निवृत्त झालेली. पार्सलं बांधून बांधून सगळं करकचून आवळायची सवय.

"तुझा स्वेटर घालायचा म्हणजे श्वास रोखून घालायचा," ताई म्हणायची.

"आणि तुझ्या स्वेटरातून वारा विचारपूस करून जातो!"

दोघींची चैन ती केवढी? सकाळी परसात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधायच्या, फुलत नाही म्हणून गुलाबाला फैलावर घ्यायचं. रविवारी थर्मास भरून बसने तळ्याकाठच्या बागेत जायचं आणि बाकावर विणत विणत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या स्वेटरांना नावं ठेवायची.

यंदा ताईचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडू लागला, मग सुईवरून टाके गळू लागले. नेमके तेव्हाच धाकटीच्या लेकीला दिवस गेले.

"बाळाचा पहिला स्वेटर माझ्या हातचा," ताईने बजावलं. "कुणी मध्ये लुडबुडायचं नाही."

धाकटीला गळालेल्या टाक्यांची ती भोकं बघवेनात. दुपारी ताईचा डोळा लागला की ती चुकलेल्या ओळी हळूच उसवायची, पुन्हा विणायची आणि सुया होत्या तशा खोचून ठेवायची. ताई उठायची, स्वेटर उजेडात धरायची आणि खुलायची. "बघ गं, हात अजून ऐकतोय माझं!"

"ऐकणारच," म्हणत धाकटी परसात सटकायची.

एका रविवारी बाकावर ताईने स्वेटर मांडीवर पसरला. सहज अंगठा फिरवला. एका जागी थांबला. परत मागे आला.

"ही ओळ माझी नाही."

"काहीतरीच काय! तुझीच तर..."

"अगं, जन्म गेला माझा यात. बोटाला कळतं. ही आवळलेली वीण तुझी."

धाकटीने थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे मी वेड्यासारखी हरखायचे, तेव्हा तू बघत असायचीस."

"ताई, तुझ्या मनाला लागेल म्हणून..."

"मनाला काय धाड भरलीय? हात गेलेत माझे."

तिने धाग्याचं टोक ओढलं. ओळीमागून ओळ सरसर उसवत गेली. धाकटी गुंडा करत राहिली. ताईने सुई टाक्यात घातली. निसटली. पुन्हा घातली. दोन टाके गळाले. समोरून एकजण भयंकर पिवळा स्वेटर घालून गेला, पण दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

"घे," ताई शेवटी म्हणाली. "पण माझ्यासारखं विण. बाळाला मोकळं वाटू दे."

धाकटी विणू लागली.

"आवळतेयस."

तिने बोटं सैल केली.

"अजून आवळतेयस, चिमणे."

धाकटीला टाके दिसेनासे झाले, तरी ती विणत राहिली. ताईने आपले रिकामे हात आधी मांडीवर ठेवले, मग शालीखाली नेले, मग पुन्हा बाहेर काढले. ते कुठे ठेवायचे असतात, हे तिला कळेना.