दर दसऱ्याला नवा फोन

ती घटना विसरायला मी केव्हाच तयार आहे, घरचे विसरू देत नाहीत. पोलीस खात्यातली माझी जवळजवळ सगळी नोकरी ग्वाल्हेर आणि आसपास गेली. दरोडे पाहिले, खून पाहिले, पण पाहुणे आले की आमची सौभाग्यवती चहाबरोबर हीच केस वाढते. तेव्हा तिच्या तोंडून तिखटमीठ लावून बाहेर जाण्यापेक्षा मीच लिहिलेली बरी. नावं कुणाचीही देत नाही.

निवृत्ती जवळ आली होती. शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. दसऱ्याची संध्याकाळ, निम्मा स्टाफ रावणदहनाच्या बंदोबस्तावर, उरलेला निम्मा तिकडे जायची सबब शोधत. अशात जयेंद्रगंजात राहणारे एक वयस्कर काका ठाण्यात आले. आमच्या महाराष्ट्र मंडळातले ज्येष्ठ सभासद. पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आलेले, हे स्वतः बँकेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून फौजेतलाच. त्यांनी आधी मला आपट्याची पानं दिली आणि मग तक्रार दिली.

"फोन चोरीला गेला माझा. कुणी नेला तेही सांगतो. तू फक्त पकड."

"काका, तेवढं सगळं तुम्हीच करून आणलंत तर मी कशाला बसलोय इथे?"

"थट्टा नको. तुझ्या काकूला सांभाळायला ती बिर्लानगरची मुलगी येते ना, तिचं काम आहे हे. अष्टमीच्या संध्याकाळी फोन माझ्या हातात होता. त्याच संध्याकाळी ती सुट्टीवर गेली. आज बघतो तर फोन नाही. अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

काकू पडल्यापासून अंथरुणावर होत्या आणि ही मुलगी दिवसभर त्यांचं सगळं करायची. नर्सिंग शिकलेली होती. मी तक्रार नोंदवून घेतली आणि संशयित म्हणून तिचं नाव लिहिलं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात तिला निम्मी शिक्षाही देऊन टाकली होती. घरात बाहेरचं माणूस एकच, ते गेलं आणि वस्तू गेली. इतकं सोपं गणित हातात आलं की पोलिसाचा मेंदू रजेवर जातो. माझा तर अर्जही न देता गेला.

तिला बोलावलं. महिला हवालदार शेजारी बसली. मला वाटलं होतं मुलगी रडेल. ती रडली नाही, उलट माझीच उलटतपासणी घेऊ लागली. काकूंच्या सहवासात मराठी शिकली होती, त्यामुळे मला हिंदीच्या आड लपायचीही सोय नव्हती.

"सर, चोरीच करायची असती तर आजोबांच्या मुलाचा, भैयांचा फोन उचलला असता ना. आजोबांचा कशाला? त्याला तर त्यांनी पोथीसारखं कापड शिवून ठेवलंय, वरून नाडी. ती नाडी सोडता सोडताच पकडली गेली असती मी."

"मग फोन गेला कुठे?"

"ते तर तुम्ही शोधणार ना? पगार तुम्हाला मिळतो."

महिला हवालदार खिडकीबाहेर बघत हसू दाबत होती. आजवरच्या चौकश्यांत मी एक पाहिलंय. दोषी माणूस तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो आणि निर्दोष माणूस तुमच्या प्रश्नावर चिडतो. हा काही कायद्याचा पुरावा नव्हे. पण त्या दिवसापासून माझं सोपं गणित मला खुपायला लागलं. मी तिला अटक केली नाही. काका रागावले. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी शेजाऱ्याच्या फोनवरून लांबलचक मजकूर टाकला की घरी बाया ठेवताना सावध राहा, आमच्याकडच्या मुलीने फोन पळवला, आणि पोलिसांना वेळ नाही.

दिवाळी आली. आता माझ्या पराक्रमाकडे येतो. नई सडकवर मोबाइलचं एक दुकान होतं, बाहेर मोठा फलक: 'दर दसऱ्याला नवा फोन'. जुना द्यायचा, वर थोडे टाकायचे, नवा न्यायचा. लोकांनी दिलेले जुने फोन पुसूनबिसून तो दुकानदार कमी किमतीत विकायचा. मी स्वतःला या विषयातला तज्ज्ञ समजत होतो. ठाण्यात प्रवचनं द्यायचो की नवा कोरा घेणारा मूर्ख, दुसऱ्याने वर्षभर वापरलेला घेणारा शहाणा. त्या शहाणपणाला जागून मी तिथून एक फोन घेतला, अगदी नव्यासारखा, आणि पाडव्याला बायकोने ओवाळल्यावर तिच्या ताटात ठेवला. ती खूश. मी तिच्याहून खूश, कारण किंमत फक्त मला ठाऊक होती.

काही दिवसांनी ती म्हणाली, "अहो, याची पिन नीट बसत नाही. चार्जिंगच होत नाही."

मी सुई घेऊन चार्जिंगची खाच कोरली. आतून लाल भुकटी निघाली. कुंकू!

"देवघरात फोन नेतेस ना? तरी सांगत असतो."

"मी कशाला नेऊ देवघरात? हे कुंकू माझं नाही."

"मग काय कंपनीने भरून पाठवलं?"

असा टोला हाणून मी विजयी मुद्रेने ठाण्यात गेलो. पुरावा सुईच्या टोकावर आला होता आणि मी तो फुंकर मारून उडवला होता.

ठाण्यात टेबलावर एक कागद माझी वाट बघत होता. त्या मुलीची सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून निवड झाली होती. तिच्या राहत्या भागातल्या ठाण्याने चारित्र्य पडताळणीसाठी आमच्याकडे विचारणा केली होती की ही चोरीच्या गुन्ह्यात संशयित आहे काय. उत्तर 'होय' असंच होतं, माझ्याच हस्ताक्षरात. दुपारी ती स्वतः आली.

"सर, मुदत थोडीच आहे. तुम्ही 'संशयित' लिहिलं की माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल. नंतर तुम्ही खरा चोर पकडलात तरी ती जागा परत नाही येणार."

आमच्या मुंशीजींनी, म्हणजे ठाण्याचं लेखनकाम बघणाऱ्या हवालदाराने, सही करून मोकळं व्हायचा सल्ला दिला. कागद नियमाप्रमाणेच होता. पण मी सही केली नाही. मुदत संपायच्या आत हा फोन शोधायचा, असं ठरवून टाकलं. फोनचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनला कारखान्यातच मिळालेला त्याचा स्वतःचा क्रमांक, आम्ही सरकारी प्रणालीत टाकलेला होता. त्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की माहिती येते. मी पाठपुरावा सुरू केला. रोज सकाळी हजेरी झाली की पहिला प्रश्न तोच.

एके दिवशी मुंशीजी कागद घेऊन आले आणि दार लावून घेतलं. एरवी ते कधी दार लावत नाहीत.

"साहब, फोन चालू है. सिम किसके नाम पर है, वो आप ही पढ़ लीजिए."

मी वाचलं. माझ्या बायकोचं नाव, पत्ता आमच्या सरकारी निवासस्थानाचा.

मी ताबडतोब वरिष्ठांना कळवलं. ते आधी मनसोक्त हसले आणि मग म्हणाले की जप्ती दुसऱ्या अधिकाऱ्याने करावी, बाकी तपास तुम्हीच निस्तरा. आमच्याच बैठकीत पंचनामा झाला. पंच म्हणून शेजारचे दोघे. बायकोने फोन टेबलावर ठेवला.

"ओवाळणीत चोरीचा माल! मला पावती द्या जप्तीची. माहेरी दाखवायला होईल."

"अगं, मला काय माहीत होतं..."

"तुम्हाला काही माहीत नसतं. आणि ते कुंकू माझं नव्हतं, तेव्हाच सांगितलं होतं."

या वेळी मात्र रजेवरचा मेंदू कामावर हजर झाला. फोनला कुंकू लागतं कधी? आमच्याकडे वर्षातून एकदा, खंडेनवमीला. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत त्या दिवशी पाटावर तलवार, विळी, हत्यारं मांडून पूजा करतात, आणि आता त्यांच्या रांगेत फोनही येऊन बसलेत. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्या पाटावरच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. मुलगी गेली अष्टमीला. हा फोन जर नवमीच्या पूजेत असेल, तर तो तिने नेलेलाच नव्हता.

नई सडकवर गेलो. दुकानदार माल विकताना होता तितकाच प्रसन्न. "साहब, आपको तो ख़ास रेट दिया था!" माझ्या हवालदारांसमोर, मोठ्याने. फोन कुणी दिला ते त्याला आठवेना. दसऱ्याची गर्दी, तो फोन बघतो, चेहरा बघत नाही. बिल त्याने मागितलंच नव्हतं. "डिब्बा साथ में था साहब, चार्जर भी. चोर डिब्बा लेकर थोड़े ही आता है!"

चोर खोका घेऊन येत नाही हे मला, ठाण्याच्या प्रभारीला, मोबाइलवाल्याने शिकवलं. खोका कुठे असतो? घरच्या कपाटात.

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. त्या फोनच्या पूजेचा पुरावा हवा होता, आणि तो माझ्याच खिशात निघाला. मंडळाच्या ग्रुपवर खंडेनवमीला घरोघरच्या पूजांचे फोटो येतात. मी मागे जाऊन काकांच्या घरचा फोटो शोधून काढला. त्याखाली नमस्काराची खूण करणाऱ्यांत मी पहिला होतो, फोटो न बघता. आता मोठा करून बघितला. तलवार, तिच्या बाजूला दोन फोन, अगदी एकसारखे. एकाची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली. दुसरा धडधाकट, नाडीच्या कापडी पिशवीवर ठेवलेला. दोन्हींवर कुंकवाची बोटं.

काकांच्या मुलाला ठाण्यात बोलावलं. वय चाळिशीच्या आसपास, चांगली नोकरी, दर वर्षी नवा फोन हा बाणा. फोटो त्याच्यासमोर ठेवला.

"पूजा कुणी मांडली?"

"मीच. बाबांना वाकवत नाही. त्यांचा फोन त्यांना न सांगताच पाटावर ठेवला, फोटो माझ्या बायकोने टाकला."

"दसऱ्याला सकाळी उचलली कुणी?"

त्याने फोटो उलटा करून ठेवला. मी तो पुन्हा सुलटा केला. शेवटी तोच बोलला.

"सर, गेल्या वर्षी ऑफरमध्ये दोन सेम फोन घेतले होते, एक बाबांना. अष्टमीच्या रात्री माझा पडला, स्क्रीन गेली. फुटलेल्याला एक्स्चेंजमध्ये काहीच मिळत नव्हतं. बाबांचा एकदम नवा होता. वाटलं, तो देऊ, माझ्या फोनची काच बदलून बाबांना लावून देऊ. उन्हें पता भी नहीं चलता."

"मग कळलं कसं?"

"काच मिळायला उशीर झाला. बाबा तोवर इथे पोहोचले. घरी आले तर सगळ्यांना सांगत होते की तिनेच नेला. मग... बोलताच नाही आलं."

"तिला बोलावलं, चौकशी झाली, तेव्हा?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग एकदम उत्साहात आला. "सर, बाबांना नका सांगू. फोन सापडला असं लिहून टाका. मी तक्रार मागे घ्यायला लावतो. मॅटर क्लोज."

"फोन सापडला एवढंच लिहिलं तर ती मुलगी सुटते, निर्दोष ठरत नाही," मी म्हटलं. "तुझा जबाब होईल, सगळा. आणि बाबांना मी नाही सांगणार. तू सांगशील, माझ्यासमोर."

मुलाने सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं की तलवारीच्या घराण्याचा आवाज आता ठाण्याचं छप्पर उडवणार. त्यांनी फक्त विचारलं, "तिचं घर बिर्लानगरात नक्की कुठे आहे रे?"

मुदत संपायच्या आत अहवाल गेला. चोरी झालेलीच नाही, फोन घरच्याच माणसाने बदलून दिला, सदर मुलीविरुद्ध काहीही नाही. या वेळी सही मी ठसठशीत केली.

मग आम्ही तिघे तिच्या घरी गेलो. गिरणीच्या जुन्या वसाहतीतली खोली, दारात तिची आई. काका हात जोडून म्हणाले, "पोरी, चुकलं माझं."

ती उंबऱ्याच्या आतच उभी होती. तिने आम्हाला आत बोलावलं नाही. "आजोबा, मला इथे नका सांगू. मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही माझ्याबद्दल लिहिलं होतं, ते या गल्लीपर्यंत आलं. आईने वाचलं. तिथे लिहा."

काकांचा फोन अजून न्यायालयातून परत मिळायचा होता. त्यांनी मुलापुढे हात पसरला. मुलाने तो नवा कोरा फोन, ज्याच्यापायी सगळं घडलं तो, त्यांच्या हातावर ठेवला. काका दारातल्या पायरीवर बसले आणि एका बोटाने लिहू लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, द्या, मी टाइप करतो." काकांनी मानही वर केली नाही. बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी तो तिच्याकडे दिला. तिने वाचला.

"यात 'गैरसमज झाला' लिहिलंय. 'माझ्या मुलाने फोन बदलला' हे नाहीये."

काकांनी परत घेतला आणि तेही लिहिलं. मुलगा शेजारीच उभा होता. पाठवायचं बटण काकांनी त्याला दाबायला लावलं.

ती नोकरीवर रुजू झाली. काकूंकडे परत गेली नाही, आणि ते बरोबरच होतं.

लोक अजून मला विचारतात, साहेब, दर वर्षी फोन बदलणं परवडतं का? मी सांगतो, परवडवता येतं. मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या, खोका आणि बिल सांभाळा, देण्याआधी आतलं सगळं पुसा, आणि जुना विकत घेताना क्रमांक तपासा, जे मी केलं नव्हतं. बॅटरी दमली असेल तर नुसती बॅटरीच बदला, काम भागतं. हे सगळं ठाण्यात बसून शिकण्यासारखं काही नाही. मी तिथे दुसरंच शिकलो. वस्तू हरवली की आपण आधी घरातलं सर्वांत गरीब माणूस मोजतो, आणि आपल्या माणसाला मोजायला विसरतो. त्यानंतर नोकरीत जितकी वर्षं उरली, तितकी वर्षं कुणी संशयिताचं नाव घेऊन आलं की मी ते लिहून घ्यायचो, आणि लगेच विचारायचो, "घरात अजून कोण कोण असतं?" सगळ्यांची नावं लिहायला लावायचो. तक्रार करणाऱ्याचंही.