करंदीकरबाई आणि रानचं मांस

करंदीकरबाई पेशंटला "तुम्ही काय खाता?" असं कधीच विचारायच्या नाहीत. "काल काय खाल्लंत?" एवढंच विचारायच्या, तेही हातातलं पेन खाली ठेवून. "काय खाता म्हटलं की माणूस मोड आलेली मटकी खातो," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं, "काल काय खाल्लं म्हटलं की वडापाव खातो. आपल्याकडे येतो तो वडापाववाला."

कोथरूडच्या एका धर्मादाय रुग्णालयात बाई आहारविभागाच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली नव्याने लागलेली आहारतज्ज्ञ. म्हणजे पदवी ताजी, अक्कल यायची होती. बाई जन्माच्या शाकाहारी. केक आणला तरी त्यात अंडं नाही ना, हे दुकानदाराला दोनदा विचारायच्या आणि तिसऱ्यांदा त्याच्या बायकोला. पण जगातल्या कुठल्या प्राण्याच्या मांसात काय असतं, हे त्यांना तोंडपाठ. "अहो बाई, तुम्ही खात नाही, मग हे कशाला पाठ?" असं मी एकदा विचारलं. "मी लंडनला गेले नाही, म्हणून नकाशातून खोडायचं का?" बाईंनी विचारलं.  अशी उत्तरं ऐकण्याचा मला पुढे चांगलाच सराव झाला.

एकदा एक जिमवाला तरुण आला. दंड फुगलेले, टी-शर्ट दोन मापं लहान. "मॅम, मी वाइल्ड गेम मीटवर शिफ्ट होतोय. एकदम क्लीन प्रोटीन. कॅनडात लोक बीव्हर खातात, माहितीये?"

"माहीत आहे ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "चांगलं असतं. रानातला प्राणी दिवसभर राबतो, त्यामुळे अंगात चरबी कमी. प्रथिनं भरपूर, लोह भरपूर, बी-बारा भरपूर. फक्त शेपटीत काय ती चरबी. तुम्ही तो पकडणार कुठे? पौड रोडला की मुठेच्या पात्रात?"

तरुण हसला. बाई हसल्या नाहीत. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "बीव्हर म्हणजे काय गं आपटे? पाण्यात राहणारा गलेलठ्ठ उंदीरच तो. परदेशात राहतो म्हणून सुपरफूड. इथला असता तर याने पिंजरा लावला असता." मी खूप हसले. का हसू नये? तोपर्यंत माझं काही बिघडलेलं नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरात हौसा आली. मुळशीकडच्या एका डोंगरवाडीवरची, सातवा महिना, अंगात रक्त इतकं कमी की डोळ्यांची पापणी खाली ओढली तर आत पांढरं. मी तिला प्रश्न विचारले, फॉर्म भरला. मांसाहार? "न्हाई." दूध? "न्हाई." मी सुबक आहारतक्ता छापून दिला: खजूर, बदाम, डाळिंब, पनीर. खाली हसऱ्या सफरचंदाचं चित्रही होतं.

बाईंनी तो कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. "हिच्या सासऱ्याचं लक्ष्मी रोडला सुकामेव्याचं दुकान आहे का?"

"नाही बाई."

"मग सफरचंद कशाला हसतंय?"

त्या वॉर्डात गेल्या आणि हौसाच्या कॉटपाशी खाली फरशीवर बसल्या. इंजेक्शनचं डॉक्टर पाहतीलच म्हणाल्या, आपण चुलीचं बघू. मग विचारलं, "भात कापून झाला का गं तुमच्याकडं? शेतातले उंदीर सापडत असतील बिळांत. भाजून करता, का कालवण?"

हौसाचा चेहरा उजळला. "कालवण. आदी भाजायचं, मंग..." ती बोलता बोलता थांबली. नवऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पन आता न्हाई खात. समद्या वाडीनं सोडलंय. उंदीर, खेकडं, समदं. घान असतंय म्हनं, पोटातल्या पोराला बादतंय."

"कोण म्हणालं?"

हौसाने माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्या ताईच आल्त्या की गनपतीत. पडद्यावर चित्रं दावली."

आल्ते खरी. आरोग्य शिबिर होतं. मी वीस स्लाइड केल्या होत्या, त्यातल्या एकीवर उंदीर-खेकड्यांवर लाल फुली. शेवटी बिस्किटांचे पुडे वाटले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाडीवर फुकट मिळणारं एकमेव मांस मी टाळ्या घेऊन बंद करून आले होते. मला भर वॉर्डात रडू फुटलं.

"आपटे, रडण्याने हिमोग्लोबिन वाढत नाही," बाई म्हणाल्या. "रविवारी गाडी सांगते. घोळ घातलास तसा निस्तरायचा."

रविवारी वाडीवर बायका जमल्या. मी हात जोडून सांगितलं, माझं चुकलं, नीट साफ करून चांगलं शिजवलं तर हे अन्न उत्तम आहे, त्यात रक्त वाढवणारं सगळं आहे. बायका ऐकून घेत होत्या. शेवटी हौसाची सासू उठली, घरातून जर्मनची ताटली घेऊन आली. लालभडक कालवण, त्यात दोन तुकडे, बाजूला भाकरी. "मागल्या टायमाला तुमी न्हाई म्हनला, आता हो म्हनताय," ती म्हणाली. "तुमी खावा, मंग आमी खातो."

बरोबरच होतं तिचं. मी काही सोवळ्यातली नव्हे. बिनहाडाची तंदुरी मी दर शनिवारी खाते. पण त्या ताटलीकडे हात जाईना.  हौसा दारात उभी राहून बघत होती, आणि मला कळत होतं की मी नाही खाल्लं तर तीही खाणार नाही. तरी हात जाईना.

बाईंनी माझ्या हातातून ताटली घेतली. भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, वर मांसाचा तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. दुसराही खाल्ला. मग म्हातारीला म्हणाल्या, "हळद जास्त नाही टाकलीत, ते बरं केलंत." म्हातारी तोंडाला पदर लावून हसली आणि हौसाला हाक मारून म्हणाली, "ये गं, बस जेवायला."

 पुढे हौसाला मुलगी झाली, दोघी सुखरूप घरी गेल्या. त्या दिवसाचा विषय बाईंनी पुन्हा कधी काढला नाही आणि मलाही त्यावरून कधी टोचलं नाही. इतर सगळ्यावरून टोचलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शोकसभा त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. त्यांचे एक दूरचे दीर बोलायला उभे राहिले. "वहिनींचं आचरण इतकं शुद्ध," ते म्हणाले, "की आयुष्यात मांसाचा कण त्यांच्या ओठाला लागला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाडीवर माझा हात मागे राहिला होता, तेवढं पुरे होतं. मी उठले आणि सगळं सांगितलं: उंदीर, कालवण, दोन तुकडे, माझ्या वाटणीचे.  दीर तांबडेलाल झाले. "अहो, काहीतरी काय बोलता! आमच्या दादाला काय वाटेल!"

पहिल्या रांगेत बाईंचे यजमान बसले होते. त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला.

"तिनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं मला," ते म्हणाले. "मीठ जरा कमी होतं म्हणाली."