हुफूफची खेळपट्टी

शुक्रवारी सकाळी सामन्याआधी चाचा चपला काढून खेळपट्टीवरून अनवाणी चालत जायचे. टोकाला पोहोचले की मान हलवून म्हणायचे, "बरी हाय. चला."

सौदीतल्या हुफूफ शहराच्या बाहेर आमच्या खजुराच्या कंपनीत ते मुकादम होते आणि मी हिशेब पाहायचो. ते रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. त्यांना तुम्ही एकदा भेटला असतात, तर त्यांना 'नाही' म्हणायला तुम्हालाही जड गेलं असतं.

सिमेंटची ती खेळपट्टी आखाती युद्धातल्या परदेशी वैमानिकांनी केलेली. तेव्हा मळ्यांपलीकडच्या माळावर त्यांचे तंबू होते आणि विशीतले चाचा त्यांचे कपडे धुवायचे. तंबूंच्या कामातून उरलेलं सिमेंट वापरून त्यांच्यातल्या इंग्रजांनी ती घातली. एका संध्याकाळी एक खेळाडू कमी पडला, म्हणून एका उंच, तांबड्या केसांच्या वैमानिकाने चाचांना हाक मारली. त्यांना वाटलं, कपडे द्यायचे असतील. त्याने हातात चेंडू दिला.

चाचा मला म्हणाले होते, "या मुलखात कामाशिवाय मला हाक मारणारा तो पहिला माणूस."

तो एका उड्डाणावरून परतलाच नाही. त्या दिवशी कुणी खेळलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीचे मैदानात उतरले आणि त्याची जागा त्यांनी चाचांना दिली. युद्ध संपलं, तंबू गेले. खेळपट्टीवर वाळू चढू लागली. चाचांनी झावळीचा झाडू हातात घेतला तो कायमचाच. मग कोकणातले, केरळातले, पाकिस्तानातले कामगार दर शुक्रवारी तिथे जमू लागले.

दोन वर्षांपूर्वी मालकाच्या मुलाने त्या माळावर खजुरासाठी शीतगृह बांधायचं ठरवलं. चाचा त्याच्याकडे गेले, तर त्याने कॉफी पाजली आणि नकार दिला. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, जमीन माझी आहे, खलास. चाचांनी मान्य केलं आणि विचारलं, "जमीन तुझी. वरचं सिमेंट मी नेऊ?"

तो हसला आणि ने म्हणाला.

आम्हीही हसलो. मी त्यांना सांगितलं की नवीन खेळपट्टी घालणं सोपं पडेल, जुनीचे तुकडे नेऊन काय करणार? ते म्हणाले, "नवीन कुणीही घालील, भाऊ. ही त्यांनी घातलेली." आणि भाड्याने आणलेलं कटर घेऊन ते भर दुपारी एकटेच कापायला बसले. दुसऱ्या दिवशी दोन मल्याळी पोरं मदतीला गेली, तिसऱ्या दिवशी मी गेलो. पहिली लादी आम्ही सगळ्यांनी मिळून उचलली आणि ती हातातून निसटून दुभंगली. चाचांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले आणि म्हणाले, "जुळतात. दुसरी घ्या."

संध्याकाळी मालकाचा मुलगा गाडीतून उतरून बराच वेळ पाहत राहिला. मग गोदामातली फोर्कलिफ्ट पाठव म्हणून त्याने फोन केला. मळ्यामागची पडीक जागाही त्यानेच दाखवली.

नव्या जागी सांधे काही नीट बसले नाहीत. एका सांध्यावर चेंडू पडला की तो सरपटत जातो. पहिल्याच सामन्यात चाचा त्यावर त्रिफळाचीत झाले आणि इतके खूश झाले की मैदानातून बाहेर यायलाच विसरले.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फायनल एक्झिट झाला, नोकरी संपवून ते कायमचे गावी निघाले. निरोपाचं जेवण त्यांनी करू दिलं नाही. मी विचारलं, त्या वैमानिकाचं नाव मैदानाला द्यायचं का? ते ओशाळले. ते नाव त्यांना कधी उच्चारता आलंच नव्हतं, आणि चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असं म्हणाले.

परवा मी त्यांना फोन केला. आता आराम करत असाल, म्हटलं. ते धापा टाकत होते. घरामागच्या सड्यावर, त्या उघड्या पठारावर, कुणी साधी पट्टीही आखलेली नाही, गावातली पोरं रस्त्यावर खेळतात, असं तक्रारीच्या सुरात सांगू लागले. सड्यावर सगळा कातळ आहे, तिथे काही होणार नाही, असं गावकरी म्हणतात म्हणे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, फोडतोय," ते म्हणाले. त्यांनी फोन बाजूला ठेवला असावा, बंद केला नाही. मी कानाला लावून ऐकत राहिलो. कातळावर पहारीचे घाव पडत होते.