नळवाल्याची ठमी

आमचे जावईबापू नळकाम करतात. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून कौतुक करत नाही, पण मोरी कितीही तुंबलेली असो, नळी आत सारून मोकळी केल्याशिवाय हा माणूस चहाला हात लावायचा नाही. पाइपाचा वीतभर तुकडासुद्धा कधी टाकणार नाहीत. "लागतो कधीतरी, ताई," म्हणतात. ओट्याखालची पेटी तुकड्यांनी ओसंडून चाललीय, बहीण बोलून बोलून थकली.

मग झाली ठमी. दिवसभर गुणाची पोर, पण संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन असा टाहो फोडायची की काळीज गलबलायचं. बहीण रडकुंडीला यायची. आणि बापाला एकच सल, लोकांच्या मोऱ्या मी मोकळ्या करतो आणि माझ्याच पोरीच्या पोटात वारा अडतो म्हणजे काय!

एक दिवस स्वारी पाकीट घेऊन आली. बाळाच्या शीच्या जागी घालून गॅस काढायच्या मऊ, पोकळ नळ्या. पाकिटावर हसरं बाळ. पहिल्याच खेपेला 'फुस्स' झालं आणि ठमी शांत. झालं! मग काय, पोर जरा कुंथली की नळी.

"अहो, लेकरू आहे ते, मोरी नाही," मी फटकारलं.

"ताई, तुंबलं की मोकळं करायचं, त्यात काय एवढं?"

पुढेपुढे ठमी नळीशिवाय वारा सोडेचना. आणि एका संध्याकाळी नळीच्या टोकाला रक्त दिसलं. जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. पोरीला तशीच उचलून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे धावलो.

बाईंनी नीट तपासलं. "आत ओरखडा आलाय. भरून येईल, पण मोठी इजासुद्धा झाली असती." मग बापाकडे वळल्या. "बाळ कुंथतं म्हणजे दर वेळी अडलेलं नसतं. जोर करताना खाली सैल सोडायचं, हे ती शिकतेय. रोज नळी घातलीत तर शिकणार कधी? पुन्हा रक्त दिसलं, ताप आला, उलट्या झाल्या, पोट फुगून घट्ट झालं, दूध पिईना, तर लगेच आणा. एरवी उचलून घ्या, पाय सायकलसारखे हलवा, पोटावरून हलका हात फिरवा. थोडी मोठी झाली की हे रडणं थांबेल."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"धीर धरायचा."

अहो, हे त्यांना फार जड गेलं! ठमी रडायला लागली की हात पाकिटाकडे जायचा आणि परत यायचा. मग तिला हातावर पालथी घेऊन येरझाऱ्या घालायचे. घामाघूम व्हायचे. मीसुद्धा गप्प बसायचे, आणि मी गप्प बसणं म्हणजे काय ते घरच्यांना विचारा.

अशा कितीतरी संध्याकाळी रडण्यात गेल्या. मग एकदा ठमी त्यांच्या हातावर लालबुंद झाली, कुंथली, आणि एवढ्याशा जिवानं असा बार काढला की बहीण स्वयंपाकघरातून पळत आली.

"केलं! आपलं आपण केलं गं हिनं!" जावईबापू ओरडले आणि ढसाढसा रडायला लागले. ठमी मात्र टकामका बघत होती.

पोरीला माझ्या मांडीवर देऊन ते उठले आणि उरलेल्या नळ्या पाकिटासकट कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

"अहो, लागतं ना कधीतरी?" बहिणीनं चिडवलं.

"मला लागत होतं," ते डोळे पुसत म्हणाले. "तिला नाही लागत."