झूम फिरवला आणि फोकस सरकला

कुपवाडच्या एका कारखान्यात प्रेस मशिननं आमच्या शेजाऱ्याची तीन बोटं तोडली. काम झपाट्यानं उरकावं म्हणून मालकानं मशिनचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, कधीच काढून ठेवलं होतं. आता तोच म्हणत होता, गार्ड होतं, हात यानंच घातला. खोटारडा! इथं आमच्या संघटनेची नेहमीची पत्रकं वाटून भागणार नव्हतं, फोटो हवा होता.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचा कॅमेरा घेऊन मी दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या मागच्या खिडकीशी गेलो. आत उजेड कमी, ऑटोफोकस धरेना. मी हातानं फोकस जुळवून सगळी शेड टिपली, मग तसाच झूम फिरवून मशिन जवळ घेतलं. गार्डाच्या बोल्टांची रिकामी भोकं टिपली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं स्पष्ट वाटलं.

घरी कॉम्प्युटरवर बघितलं, तर झूम करून घेतलेले सगळे फोटो धूसर, आणि अख्ख्या शेडच्या फोटोत मशिन इवलंसं.

मित्र म्हणाला, "गड्या, या लेन्सचा झूम फिरवला की फोकस सरकतो. परत जुळवाय लागतो. मला इचारायचं न्हाई व्हय?"

पुन्हा गेलो तोवर मशिनवर नवंकोरं पिवळं गार्ड बसलं होतं. अपघाताच्या तपासणीला आलेल्या सरकारी साहेबांनी ते पाहिलं, माझे फोटो चाळले आणि विचारलं, "यात दिसतंय काय?"

बँडेजचा हात मांडीवर घेऊन बसलेला शेजारी मला म्हणाला, "बोटं गेली ती गेली. आता मीच खोटा ठरलो व्हय रं?"

अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलंय. निष्काळजी मीही होतो. पण त्या कागदावर नाव त्याच्या एकट्याचं आहे.