हडळ ‘मी’ म्हणाली

वनिताचा फोन आला तेव्हा मॅडम आणि मी मुरबाडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत होतो. वनिता रडत होती.

“ताई, सासू घराभायेर येत नाय. तो व्हिडिओ बघून पाड्यातल्या बाया तिला भुताळी बोलतात. तुमी या ना.”

मॅडमनी विचारलं, “काय झालं?”

मी म्हटलं, “आपला व्हिडिओ.”

मॅडम कॉलेजात शिकवतात. रक्त पिणाऱ्या भुतांच्या गोष्टी लोक कशा सांगतात, त्या सिनेमात कशा जातात, याचा त्या अभ्यास करतात. परदेशात अशा भुताला व्हॅम्पायर म्हणतात. तो सुटाबुटात असतो, असं त्यांनी मला सांगितलं. आपल्याकडे हडळ. माझं काम फील्डचं. फील्ड म्हणजे शेत नव्हे. वाड्यापाड्यांत जायचं, बायकांजवळ बसायचं, त्यांना बोलतं करायचं. मी चौथी शिकलेली. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण मी गप्प बसले की समोरची बोलायला लागते, म्हणून मॅडमना मी बरी पडते.

वनिताची सासू सोनाबाय. त्यांचा पाडा उंबरमाळीच्या वरच्या अंगाला. पाड्यात बाळ जन्मलं की तेल लावून न्हाऊ घालायला सोनाबायच लागायची. पाय पसरून पायांवर बाळ घ्यायची आणि हडळीची गोष्ट सांगायची. बाळंतिणीला एकटी सोडायची नाही, हे घरातल्यांच्या डोक्यात राहावं म्हणून ती गोष्ट.

तिची सांगायची रीत वेगळी होती. गोष्टीत हडळ आली की सोनाबाय ‘ती’ म्हणायची नाही. ‘मी’ म्हणायची.

“मी आली. बाळतीण निजलेली. पोराच्या टाळूला तोंड लावला नि पिली. ग्वाड लागला गो!”

एवढं म्हणून ती ओठ चाटायची. बायका किंचाळायच्या आणि मग हसून लोळायच्या. तिची आईही असंच सांगायची म्हणे.

मॅडमनी आधी विचारलं होतं, “आजी, व्हिडिओ केला तर चालेल ना?” याला आमच्या कामात कन्सेंट म्हणतात.

सोनाबाय म्हणाली, “करा. पण माझी वाकडी दाढ नको दाखवू.”

नंतर वनिताने तो व्हिडिओ मागितला. “सासूचा एक फोटो पण नाय आमच्याकडं.” मॅडमनी आनंदाने पाठवला. सासूचं कौतुक म्हणून वनिताने तो स्टेटसला ठेवला. स्टेटसला लांब व्हिडिओ बसत नाही, तुकडा बसतो. तिने मधला, सगळ्यात रंगलेला तुकडा ठेवला. “माझ्या आयशीनं सांगितलेली गोष्ट सांगते” हे सुरुवातीचं वाक्य गेलं. राहिलं ते “मी पिली”.

त्याच वेळी खालच्या आळीतलं एक बाळ कावीळ होऊन दवाखान्यात होतं. पिवळं पडलेलं. त्याला न्हाऊ घातलं होतं सोनाबायने.

इथे दोन शब्द समजून घ्यावे लागतील. हडळ मेलेली असते. तिची भीती वाटते, तिच्यावर हसताही येतं. भुताळी जिवंत असते. ती शेजारी राहते, तिला नाव असतं, घर असतं. त्या तुकड्याने सोनाबायला एका शब्दातून दुसऱ्यात नेलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

“आलीस गो? लांब बस. तुजाबी रगत आटंल.”

मी जवळच बसले. ती हसली नाही.

दुपारी मॅडमनी आळीतल्या ओट्यावर सगळ्यांना बोलावून पूर्ण व्हिडिओ दाखवला. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, “गोष्टच हाय. आमाला काय कळत नाय?” मला हायसं वाटलं.

तेवढ्यात आजारी बाळाची आजी उठली. “गोष्ट असंल. पन तोंडातून ‘मी’ निघालाच कसा?”

मॅडम म्हणाल्या, “आजी, नाटकात रावणाचं काम करणारा खरा रावण असतो का?”

“रावण आमच्या पोरांना न्हाऊ घालीत नाय, मॅडम.”

मॅडमनी व्हिडिओ बंद केला.

ते बाळ बरं होऊन घरी आलं. भुताळी हा शब्द कुणी उघडपणे बोलेना. सोनाबायला पाणी भरताना कुणी अडवलं नाही, हळदीकुंकवाला बोलावणंही आलं. फक्त न्हाऊ घालायला बोलावणं आलं नाही.

पुढे वनिता शहापूरच्या दवाखान्यात बाळंत झाली. मी बघायला पाड्यावर गेले. वनिताने बाळ सासूपुढे धरलं. “घ्या ना. तुमचाच नातू हाय.”

सोनाबायने दोन्ही हात पदराखाली घेतले. “नको गो बाय. उद्या याला शिंक आली तरी माज्याच नावावर जायची. तुज्या आयशीला दे.”

वनिता म्हणाली, “लोकांचं काय धरून बसता?”

“मी नाय धरत. पन तुज्या मनात एक दिवस आला तर? तवा मी कुठं जाऊ?”

वनिताने बाळ आईकडे दिलं. तेल सोनाबायनेच कोमट करून ठेवलं होतं. वनिताची आई न्हाऊ घालायला बसली, आणि सोनाबाय दारातूनच सांगत राहिली, “मानेखाली हात घाल. मानेखाली गो.”

मॅडमनी तो व्हिडिओ काढून टाकला, लेखातूनही ती गोष्ट वगळली. सोनाबायने पुन्हा ती सांगितली नाही. तिच्यासारखी सांगणारी मला दुसरी भेटलेली नाही.

आता रेकॉर्डिंग करताना मी बायकांना आधीच सांगते, हडळ आली की ‘ती’ म्हणा. त्या तसं म्हणतात. त्याने कुणाला त्रास होत नाही. गोष्ट अर्ध्यावर असतानाच ऐकणाऱ्या बायका उठून कामाला लागतात, एवढंच.